चित्रकथा वाचलेली मुले पुढे काय करतात?

पुण्याचे जलरंगचित्रकार मिलिंद मुळीक यांचे नाव आज देशाबाहेरही घेतले जाते. जलरंग शिकवणारी त्यांची पुस्तके हौशी चित्रकारांच्या घरोघरी दिसतात. त्यांचे शिक्षण मात्र अभियांत्रिकीचे. चित्रकला आली ती घरातून. वडील प्रताप मुळीक हे ‘अमर चित्र कथा’च्या बिनीच्या चित्रकारांपैकी एक, पुढे ‘राज कॉमिक्स’च्या ‘नागराज’चे सुरुवातीचे काही अंकही त्यांच्याच हातचे. राम वाईरकर यांच्या घरीही असेच घडले. ‘टिंकल’मधला भोळाभाबडा सुप्पंडी १९८३ मध्ये वाईरकरांनी कागदावर उतरवला. त्यांच्या पश्चात मुलगा संजीव वाईरकर आणि मुलगी अर्चना आंबेरकर यांनी तो पुढे चालू ठेवला.

अशी घरे पाहिली की लहानपणीची कॉमिक्स आणि मोठेपणीचे सर्जनशील काम यांचा संबंध उघडच वाटतो. पण या घरांत नुसती कॉमिक्स नव्हती, ती काढणारा माणूसही होता. शाई कशी वाळते, एक पान संपवायला किती वेळ जातो, संपादक काय बदलायला सांगतो, हे तिथल्या मुलांना जेवणाच्या पानावर ऐकू येत असणार. बाकीच्या लाखो मुलांच्या हाती फक्त छापील अंक पडला. तोही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून मागून आणलेला, उद्या परत करायच्या बोलीवर. त्या अंकाने कोणाला चित्रकार केले, कोणाला दिग्दर्शक? की ज्यांना ते व्हायचेच होते त्यांनी कॉमिक्सही वाचली, एवढेच? या प्रश्नावर जगभर बरेच लिहिले गेले आहे. महाराष्ट्रातले त्याचे रूप थोडे वेगळे आहे आणि ते नीट मांडून पाहण्यासारखे आहे.

पोथीपासून चिंटूपर्यंत

चित्रांच्या क्रमातून गोष्ट सांगण्याची सवय महाराष्ट्राला कॉमिक्सच्या कितीतरी आधीपासून आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजातील चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी घेऊन बसत. एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरत, रामायण-महाभारतातली आख्याने गात, प्रसंग संपला की पुढचे चित्र घेत. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रेही याच परंपरेतली. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ही कला पुन्हा बातम्यांत आली. चित्रकथीतून थेट कॉमिक्स निघाली असे म्हणता येत नाही. छापील कॉमिक्सचा साचा वर्तमानपत्रांतून आणि परदेशातून आला. पण चित्र पाहत गोष्ट ऐकणारा श्रोता इथे आधीच तयार होता.

छापील बालसाहित्यात वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाले. त्यात भर शब्दांवर होता. चित्रांनी मराठी मुलांना खऱ्या अर्थाने वेड लावले ते १९५२ मध्ये मराठीत आलेल्या ‘चांदोबा’ने. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकातले, खांद्यावर वेताळ आणि हातात तलवार घेतलेल्या विक्रमाचे शंकर यांनी काढलेले चित्र तीन पिढ्यांच्या डोळ्यांत आहे. तांत्रिकदृष्ट्या ‘चांदोबा’ म्हणजे सचित्र कथांचे मासिक. चौकटी आणि संवादांचे फुगे ही त्याची मूळ रीत नव्हे. तरी लोक लहानपणाबद्दल बोलतात तेव्हा चांदोबा, कॉमिक्स आणि शाळेतले ‘किशोर’ मासिक एकाच गठ्ठ्यात येतात, आणि हा आढावाही तो गठ्ठा फोडत नाही. शिवाय ‘चांदोबा’चे संस्थापक बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हेच विजया प्रॉडक्शन्सचे चालक. १९५७ चा ‘मायाबाजार’ त्यांचाच. छापील पानावरची अद्भुत दुनिया आणि पडद्यावरची अद्भुत दुनिया या दोन्ही त्याच माणसांच्या हातून घडत होत्या.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉक यांचा १९३६ चा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. पुढे त्यांचाच १९३४ चा जादूगार मँड्रेकही आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ हा देशी नायक दिला. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत आठशेवर अंक निघाले होते.

याच ‘इंद्रजाल’वर काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसतर्फे ‘अमर चित्र कथा’ उभी केली. दिल्लीच्या दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणांतले उत्तर येते पण रामाच्या आईचे नाव येत नाही, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी कथा ते स्वतः सांगत. मालिकेतली पहिली स्वदेशी कथा ‘कृष्ण’, आणि तिची चित्रे राम वाईरकरांची. त्याच १९६७ च्या जानेवारीत पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली होती, १९७१ च्या नोव्हेंबरपासून तिचे ‘किशोर’ निघू लागले. १९८० मध्ये ‘टिंकल’ आले. आणि २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अवतरला. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू आणि जोशीकाकू यांच्यासह तो मराठी घरांत असा रुजला की २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट काढला.

ज्यांना प्रभाव दिसतो त्यांचे म्हणणे

प्रभाव मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा कसबाचा आहे. कॉमिक्स वाचणारे मूल नकळत निवड शिकते : कोणता क्षण दाखवायचा, कोणता गाळायचा, कुठे जवळून पाहायचे, कुठे लांबून. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवले. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर घुमणारी किंकाळी. मधला घाव वाचकाने स्वतः घातलेला असतो. चित्रपटाचा संकलक दोन दृश्ये जोडतो तेव्हा तोही प्रेक्षकाच्या याच क्षमतेवर भिस्त ठेवतो. चित्रीकरणाआधी काढला जाणारा स्टोरीबोर्ड तर दिसायलाही कॉमिक्सच्या पानासारखाच असतो.

उदाहरणे भरपूर आहेत. एस. एस. राजामौली यांनी लहानपणी वाचलेल्या ‘अमर चित्र कथा’चे ऋण वारंवार मान्य केले आहे, आणि ‘बाहुबली’तल्या राजसभा, रथ आणि युद्धाची मांडणी पाहताना ते पटतेही. हॉलिवूडमध्ये जॉर्ज लुकास यांना ‘फ्लॅश गॉर्डन’चे वेड होते. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मधला तो गडगडत येणारा अजस्र दगड कार्ल बार्क्स यांच्या १९५४ च्या अंकल स्क्रूज कथेवरून सुचल्याचे मान्य केले गेले आहे. इथे प्रभाव मोघम राहत नाही. हे चित्र, हे दृश्य, असे बोट ठेवून दाखवता येते.

आपल्याकडे असाच पुरावा आर. के. लक्ष्मण यांच्याबाबत मिळतो. म्हैसूरच्या घरात येणाऱ्या ‘पंच’, ‘स्ट्रँड’ यांसारख्या इंग्रजी मासिकांतली चित्रे त्यांनी अक्षरओळख होण्याआधीच पाहायला सुरुवात केली. डेव्हिड लो यांची व्यंगचित्रे त्यांना इतकी आवडत की पुढे मुंबईत बसून त्यांनी जे काही केले त्यात लोंच्या कुंचल्याचे वळण ओळखू येते. ही कॉमिक्स नव्हेत हे खरे. पण चित्रातून वाचायला शिकलेले मूल पुढे चित्रातून बोलू लागते, या म्हणण्याला एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

संशोधकांकडूनही या बाजूला थोडे बळ मिळते. भाषाशास्त्रज्ञ नील कोन यांनी चित्रभाषेवर दीर्घकाळ काम केले आहे. कॉमिक्स कोणालाही आपोआप कळतात हा समज त्यांनी तपासून पाहिला आणि तो टिकला नाही. चौकटींचा क्रम लावणे, एकच पात्र दोन चौकटींत ओळखणे, गती दाखवणाऱ्या रेषांचा अर्थ लावणे हे सगळे सरावाने येते. म्हणजे लहानपणी कॉमिक्स वाचणाऱ्याकडे खरोखरच एक जास्तीचे कौशल्य असते. स्टीफन क्रॅशन यांनी तर कॉमिक्सचे वाचन पुढच्या वाचनाची वाट अडवत नाही, उलट ती मोकळी करते, असे आग्रहाने मांडले आहे.

महाराष्ट्रापुरता आणखी एक मुद्दा आहे आणि चर्चेत तो हवा तेवढा येत नाही. इथे कॉमिक्सने मुलांना वाचनातून घडवले त्याहून जास्त, कदाचित, तरुणांना कामातून घडवले. ‘अमर चित्र कथा’ आणि ‘टिंकल’ यांच्या श्रेयनामावलीत मराठी नावे ठायी ठायी भेटतात : राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, चं. म. विटणकर, ‘शिकारी शंभू’चे वसंत हळबे, ‘कालिया कावळा’ काढणारे प्रदीप साठे. बेचाळीस अंकांच्या ‘महाभारत’ मालिकेचा चित्रभार १९८० च्या दशकात दिलीप कदमांनी वाहिला. हत्ती, रथ, शेकडो सैनिक, द्यूतसभेतला प्रत्येक चेहरा, आणि तेही मुदतीत. अशी तालीम कलाशाळेच्या वर्गात होत नाही. या मंडळींच्या स्वतःच्या रेषेत राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचा थाट आहे आणि टारझनच्या अमेरिकी चित्रमालिकेतले पिळदार स्नायूही आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे एका पिढीने पाहिलेले दुसऱ्या पिढीला दाखवले गेले. त्यातल्या काहींनी ते पुन्हा पुढे नेले.

ज्यांना शंका आहे त्यांचे म्हणणे

शंका घेणारे पहिल्यांदा आठवणींवर बोट ठेवतात. सर्जनशील माणसाला मुलाखतीत ‘लहानपणी काय वाचायचात?’ असे विचारले जाते, तेव्हा तो यशस्वी झालेला असतो. तेच अंक त्याच गल्लीत वाचून पुढे बँकेत, शेतात किंवा दुकानात गेलेल्यांना कोणी विचारत नाही. लाखो प्रती खपलेली गोष्ट जवळजवळ प्रत्येकाच्याच बालपणात सापडणार. मग ती कारण ठरते की केवळ पार्श्वभूमी?

शिवाय कलावंत आपल्या बालपणाची गोष्टही कलावंतासारखीच सांगतो. इटलीचे दिग्दर्शक फेदेरीको फेलिनी सांगत की मुसोलिनीच्या काळात अमेरिकी कॉमिक्सवर बंदी आली, तेव्हा तरुणपणी आपण ‘फ्लॅश गॉर्डन’चे पुढचे भाग इटालियनमध्ये लिहिले. अभ्यासकांनी शोध घेतला, पण त्याला आधार मिळाला नाही. फेलिनींचे कॉमिक्सप्रेम खरेच होते, त्यांच्या चित्रपटांत ते दिसते. पण प्रेम खरे असले म्हणून प्रत्येक आठवण पुरावा होत नाही.

याच्या उलट टोकाचा धडाही लक्षात ठेवावा लागतो. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी १९५४ मध्ये कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे ढकलतात असे पुस्तकच लिहिले. त्यावरून एवढे काहूर उठले की त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. २०१२ मध्ये कॅरोल टिली यांनी वर्थम यांची मूळ टिपणे तपासली, तेव्हा मुलांच्या जबान्यांत फेरफार आणि जोडाजोड केल्याचे उघड झाले. कॉमिक्स मुलांना बिघडवतात हा निष्कर्ष कच्च्या पायावर उभा होता. कॉमिक्स मुलांना घडवतात या निष्कर्षालाही तीच कसोटी लावली पाहिजे, असे शंका घेणारे म्हणतात. त्यांचे हे म्हणणे रास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की प्रभाव नेहमी पुढेच नेतो असे नाही. जपानचे अॅनिमेशनकार हायाओ मियाझाकी तरुणपणी चित्रे काढू लागले तेव्हा आपल्या प्रत्येक रेषेत कॉमिक्सकार ओसामू तेझुका डोकावतात हे त्यांना जाचू लागले. त्यांनी ती जुनी चित्रे जाळून टाकली. लहानपणी मनावर ठसलेली रेषा पुसून काढण्यात उमेदीची वर्षे खर्ची पडतात, आणि मुलाखतींच्या गोड आठवणींत हा हिशेब सहसा येत नाही.

तिसरे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे, आणि त्याची नाळ थेट महाराष्ट्राशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचे ‘भीमायन’ २०११ मध्ये ‘नवयान’ने प्रकाशित केले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा; चित्रे मध्य प्रदेशातले परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. त्यांना जगातल्या नावाजलेल्या चित्रकादंबरीकारांची पुस्तके दाखवली गेली. पण पात्रांना चौकटीत कोंबायला त्यांनी नकार दिला. माणसांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मग पानांवर चौकटींऐवजी दिग्णा या पारंपरिक गोंड नक्षीच्या वळणदार रेषा आल्या. कठोर शब्दांच्या फुग्यांना विंचवाची नांगी लागली, मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार मिळाला. लहानपणीच्या कॉमिक्सवाचनाची शिदोरी नसलेल्या हातांनी भारतातल्या सर्वांत वेगळ्या चित्रकथांपैकी एक घडवली. भिंतीवर, अंगणात, गाण्यात वाढलेली चित्रदृष्टी त्यांना पुरेशी होती.

रेषेबरोबर आणखी काय आले

वाद फक्त कसबापुरता नाही. चित्रांबरोबर मुलांच्या मनात कोणत्या कल्पना गेल्या, यावर गेल्या दोन दशकांत बरेच गंभीर लेखन झाले. नंदिनी चंद्रा यांचे ‘द क्लासिक पॉप्युलर’ २००८ मध्ये आले, कार्लाइन मॅकलेन यांचे ‘इंडियाज इमॉर्टल कॉमिक बुक्स’ २००९ मध्ये. देव आणि राजे गोरे किंवा निळे, राक्षस काळे आणि बेढब. स्त्रिया पतिव्रता नाहीतर वीरपत्नी. इतिहासाच्या केंद्रस्थानी बहुतेक वेळा उच्चवर्णीय हिंदू नायक, अशी टीका ‘अमर चित्र कथा’वर होत आली आहे. अंक हाती घेऊन पाहिले तर ती निराधार वाटत नाही. बाजू घेणारे सांगतात की याच मालिकेने १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवर अंक काढला, आणि ज्या घरांत दुसरे काहीच पोचत नव्हते तिथे संत, क्रांतिकारक, शास्त्रज्ञ यांची पहिली ओळख करून दिली. हेही नाकारता येत नाही.

वेताळाबद्दलही असेच. आफ्रिकेच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या न्याय करत बसलेला गोरा पुरुष हे वसाहतकाळाचे स्वप्न आहे, ही टीका जुनी आहे. तरी मराठी मुलांनी कवटीची अंगठी पाहून अंगठ्या केल्या आणि वेताळाला आपलेसे केले. वाचकाने घेतलेला अर्थ आणि लेखकाने दिलेला अर्थ यांत अंतर पडते, आणि किती पडते हे मोजण्याचे साधन अजून कोणाच्या हाती आलेले नाही.

या आढाव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पुढच्या सर्जकांनी अशा कॉमिक्सना उत्तर दिले. पुण्यात जन्मलेल्या, गोव्यात वाढलेल्या आणि गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांची ‘कारी’ २००८ मध्ये आली. नंतर ‘आदिपर्व’ आणि ‘सौप्तिक’ यांतून त्यांनी महाभारत पुन्हा मांडले, पण रंगवलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या पानांतून. पिळदार स्नायूंचा तो जुना थाट तिथे नाही. श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलेले आणि अपराजिता निनन यांच्या चित्रांनी सजलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ला चित्रकथेत आणते. ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’मधून नर्मदेच्या खोऱ्यातला विस्थापनाचा प्रश्न मांडला. मुंबईचे अभिजीत किणी एकीकडे ‘टिंकल’साठी चित्रे काढतात आणि दुसरीकडे नऊवारी नेसलेली ‘अँग्री मावशी’ रस्त्यावर उतरवतात. वारसा स्वीकारणे आणि त्याच्याशी भांडणे ही दोन्ही कामे एकच हात करू शकतो.

तेरखेड्यापर्यंत काय पोचले

आतापर्यंतचे आपल्याकडचे जवळजवळ सगळे दाखले मुंबई, पुणे, गोवा इथले आहेत, आणि पुष्कळसे इंग्रजी वाचणाऱ्या घरांतले. या चर्चेतली सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले तेरखेडा घ्या. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव फटाक्यांसाठी, शोभेच्या दारूसाठी मराठवाडाभर ओळखले जाते. अशा गावात लहानपणीची चित्रकथा कोणत्या वाटेने येते? जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कपाटातून, गुरुजींनी वर्गणी भरलेल्या ‘किशोर’मधून, एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाळ्यावरून, सुट्टीत शहरातून आलेल्या मामेभावाच्या पिशवीतून. आणि सगळ्यांत आधी ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकातल्या चित्रांतून, कारण तेवढे एक सचित्र पुस्तक महाराष्ट्रातल्या प्रत्येक मराठी शाळकरी मुलाच्या हाती हमखास पडले. प्रभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी या पाठ्यपुस्तकी चित्रांकडे फारसे वळून पाहिलेले नाही.

मग ‘सर्जनशील व्यवसाय’ म्हणायचे कशाला, हा प्रश्न येतो. शहरात त्याचा अर्थ जाहिरात, चित्रपट, अॅनिमेशन, प्रकाशन असा होतो. तेरखेड्यासारख्या गावात त्याच गुणांची माणसे वेगळ्या कामांत असतात. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, आता संगणकावर फ्लेक्सची मांडणी करणारा तरुण, लग्नपत्रिका छापणारा, गणेश मंडळाचा देखावा उभा करणारा, मोबाइलवर विनोदी चित्रफिती काढणारी पोरे. शोभेच्या दारूचे कामही यात धरायला हवे. आधी कोणता रंग फुटावा, कोणता मागून, मध्ये किती अंधार ठेवावा, हा क्रम ठरवणारा कारागीर दृश्यांची साखळीच रचत असतो. या माणसांनी लहानपणी काय पाहिले, काय वाचले, हे विचारले गेले तर प्रभावाच्या चर्चेतले अर्धे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील. काही पक्के होतील, काही गळून पडतील.

मुलींचा प्रश्नही असाच मागे राहिला आहे. वेताळ, बहादूर, मँड्रेक ही मुलांची दुनिया मानली गेली, पण घरात आलेला अंक बहिणीही वाचत होत्या. मंजुला पद्मनाभन यांची ‘सुकी’ १९८२ मध्ये मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये आली, अर्चना आंबेरकर आणि अमृता पाटील यांची नावे वर आलीच आहेत. एवढ्या थोड्या नावांवरून मुलींच्या वाचनाचा पुढे काय परिणाम झाला हे ठरवता येत नाही. घरकामातून वेळ काढून, भावाचे वाचून झाल्यावर वाचलेल्या अंकाची गोष्ट वेगळी असणार.

मराठीत स्वतःची कॉमिक्स कमी का?

बंगालमध्ये नारायण देबनाथ यांनी १९६० च्या दशकात ‘हाँदा भोंदा’ आणि ‘बाँटुल द ग्रेट’ सुरू केले आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. केरळात टॉम्स यांचे ‘बोबनुम मोलियुम’ घरोघरी पोचले. महाराष्ट्राकडे कसलेले कॉमिक्सचित्रकार होते, वाचक होते, छापखाने होते. तरी ‘चिंटू’ आणि ‘ठकठक’सारखी काही नियतकालिके सोडली तर मराठी मुलांनी जे वाचले ते बव्हंशी भाषांतर होते, कधी कधी शेजारच्या माणसानेच काढलेल्या चित्रांचे.

याची कारणे वेगवेगळी सांगितली जातात. मुंबईतल्या प्रकाशकांचा डोळा देशभरच्या बाजारावर होता; इंग्रजीत एकदा काढलेला अंक दहा भाषांत खपवता येई, मग मराठीपुरते वेगळे कोण काढणार? हिंदीचा बाजार जवळ होता आणि मराठी चित्रकारांना तिथे काम मिळत होते. तिसरे कारण जास्त विचार करण्यासारखे आहे. मराठीतले उत्तम रेखाटनकार दिवाळी अंकांनी आणि मासिकांनी आपल्याकडे ओढले. शि. द. फडणीस यांची ‘हंस’, ‘मोहिनी’वरची शब्दविरहित हास्यचित्रे, वसंत सरवटे यांची कथा-कवितांसोबतची रेखाटने, यांनी प्रौढ वाचकांसाठी जी चित्रसंस्कृती उभी केली तिला भारतात तोड नाही. मुलांच्या वाट्याला मग भाषांतरे आली. हे खरे असेल तर मराठी सर्जकांवर लहानपणीच्या कॉमिक्सपेक्षा घरात पडलेल्या दिवाळी अंकांचा ठसा मोठा निघू शकतो, आणि या दिशेने शोध घ्यायला बराच वाव आहे.

वाचनापेक्षा करण्याला महत्त्व देणारा एक प्रवाहही आहे. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने खेड्यापाड्यांत कार्यशाळा घेऊन सामान्य माणसांकडून आपल्या प्रश्नांवर चार चौकटींची भित्तिकॉमिक्स काढून घेतली; ती भिंतींवर, बसथांब्यांवर चिकटवली जातात. ‘टिंकल’ने वाचकांकडून गोष्टी मागवल्या, ‘किशोर’ने मुलांचे लेखन आणि चित्रे छापली. नुसते वाचणारे मूल आणि एकदा तरी काढून पाहिलेले मूल यांच्या पुढच्या वाटा वेगळ्या पडतात का, हे तपासणे तुलनेने सोपे आहे, कारण छापून आलेल्या मुलांची नावे अंकांत आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केले आहेत. पन्नास वर्षांची ही सामग्री कोणत्याही संशोधकाला घरबसल्या चाळता येते.

दुसरी सामग्री मात्र झपाट्याने कमी होत चालली आहे. १९६४ मध्ये दहा वर्षांचा असताना पहिला वेताळ वाचलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. वाचनालयातून भाड्याने अंक कसे मिळत, एका अंकाभोवती किती पोरे बसत, कोण मोठ्याने वाचून दाखवी, कोण चित्रे गिरवी, कोणत्या घरात कॉमिक्स दिसली की मार बसे, हे सांगू शकणारी पिढी अजून आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी, कला महाविद्यालयांनी आणि तालुक्याच्या वाचनालयांनी तिच्या मुलाखती नोंदवायला घेतल्या, आणि त्यात कलावंतांइतकेच पेंटर, शिक्षक, शेतकरी, आतषबाजीचे कारागीर आणि गृहिणी यांनाही विचारले, तर मराठवाड्यातला पुरावा या चर्चेत प्रथमच दाखल होईल.